बसणाऱ्याची खिडकी

नबीलची आणि माझी ओळख छतामुळं झाली.

आमचं घर पुंडलिकनगरात. बांधकाम जुनं, हॉलचं छत जुनाट दिसायचं. विश्वजीत, माझा मुलगा, दिवाळीला सुट्टीवर यायच्या आत मला ते नीट करून घ्यायचं होतं. पीओपीचं काम करायला जब्बारभाई आले. किराडपुऱ्याचे जुने ठेकेदार. अर्ध्या शहराची छतं आपण केली असं ते स्वतःच सांगतात आणि उरलेल्या अर्ध्याची कशी बिघडली तेही सांगतात. त्यांच्याबरोबर एक उंच, किडकिडीत, कुरळ्या केसांचा माणूस होता. तो शिडीवर चढला आणि छताकडे बघायचं सोडून पूर्वेच्या खिडकीवरच्या व्हेंटिलेटरकडे बघत राहिला.

"जमाई, छत उधर नहीं है. ऊपर देखो," जब्बारभाई म्हणाले.

"कुठले हो जावई तुमचे?" मी सहज विचारलं.

"यमन के. सना शहर."

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथंच खुर्ची ओढून बसले. विश्वजीत मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. त्या पावसाळ्यात त्याचं जहाज तांबड्या समुद्रातून, येमेनच्या किनाऱ्याजवळून जाणार होतं. टीव्हीवर मी त्याच समुद्रात जहाजं जळताना पाहिली होती. माझं बी.ए. भूगोलातलं. तो सगळा किनारा मी आजही कागदावर काढून दाखवीन. पण तिथला जिवंत माणूस कधी भेटला नव्हता. आता एक माझ्याच हॉलमध्ये शिडीवर उभा होता.

"तो समुद्र कसा आहे हो?" मी विचारलं.

तो खाली उतरला. हात पुसले, कप घेतला आणि नीट विचार करून म्हणाला, "काकू, मी दोनदाच बघितला. एकदा लहानपणी, मावशीच्या लग्नात. नंतर इकडं येताना, विमानातून. आमचं सना डोंगरात हाय, लई उंच. समुद्राचं मला काय नाय माहीत. डोंगराचं विचारा."

येमेनी माणसाच्या तोंडून 'लई' ऐकून मला हसू आलं. हे मराठी त्याला साईटवरच्या पोरांनी शिकवलेलं. मग मी डोंगराचं विचारलं, आणि छताचं काम संपेपर्यंत विचारतच राहिले.

नबील बाविसाव्या वर्षी इथल्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला आला. येमेनची बरीच मुलं तेव्हा येत. वर्षभरात त्याच्या देशात युद्ध सुरू झालं. विमानतळ बंद, शिष्यवृत्ती बंद. किराडपुऱ्यात तो ज्या खोलीत राहायचा तिच्या समोरच जब्बारभाईंचं घर. त्यांनी त्याला कामावर बोलावलं. पहिल्या दिवशी त्याच्या हातात थापी दिली आणि जब्बारभाई बघतच राहिले. "लडका बोलता था मैं कंप्यूटर पढ़ता हूँ," ते मला म्हणाले, "मगर थापी पकड़ा तो मैं बोला, झूठ. ये चूने-प्लास्टरवाले का बेटा है."

ते बरोबर होतं. नबीलचे वडील सनाच्या जुन्या शहरात खिडक्या करायचे. तिथल्या घरांना साध्या खिडकीच्या वर आणखी एक अर्धगोल खिडकी असते. ती उघडत नाही. ओल्या जिप्समची जाड लादी ओतायची, ती पुरती वाळायच्या आत सुरीनं तिच्यात वेलबुट्टी, चांदण्या, कमानी कोरायच्या आणि मागून रंगीत काचा बसवायच्या. तिला ते चंद्राची खिडकी म्हणतात. संध्याकाळी घरात दिवा लागला की गल्लीतून जाणाऱ्याला वर रंगीत अर्धचंद्र दिसतो. आणि जिप्सम म्हणजे आपलं पीओपीच. हे कळलं तेव्हा मी चकित झाले. ज्या पोत्यातून माझं छत निघत होतं त्याच पोत्यातून त्याच्या गावचे चंद्र निघू शकत होते.

वडिलांनी नबीलला हा धंदा मुद्दाम शिकवला नाही, लहानपणी बघून बघून हाताला जे आलं तेवढंच. कॉम्प्युटरनं पोट भरेल म्हणून पाठवून दिलं. आता त्यांची सत्तरी उलटली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि लढाईच्या शहरात तो काढणार कोण? त्यांच्या शेजारच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या खाली आल्या. त्या जागी त्यांनी पुठ्ठे ठोकले. नबीलच्या जन्माच्या वर्षी त्यांनी बैठकीच्या खोलीसाठी एक खिडकी कोरली होती, तीही गेली. तिचा नमुना कुठं काढून ठेवलेला नव्हता. फोटोंत ती अर्धीच यायची, कारण फोटो माणसांचे काढलेले. ती आता फक्त वडिलांच्या डोक्यात होती.

"अबींना, माझ्या वडलांना, दिसतंय तोवर ती कापायची हाय," नबील म्हणाला. "त्यांनी बघून हां म्हटलं तर ती राहिली. नायतर गेली."

छत पूर्ण झालं त्या दिवशी त्यानं ती खिडकी बसवायला आमच्या व्हेंटिलेटरची जागा मागितली. त्याच्या खोलीला पूर्वेकडं उघडणारी भिंतच नव्हती. "तुमच्या घराचं काय बिघडणार नाय काकू. आवडलं नाय तर मी तुमची जुनी काच परत बसवून देतो."

आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "बसवू दे की. त्या काचेतून असंही काय दिसतंय, पाण्याची टाकी."

त्यानंतरचे दीड महिने आमचं मागचं अंगण नबीलचं झालं. वडिलांचे निरोप यायचे ते आवाजाचे. सनात नेट कधी असायचं, कधी नसायचं. व्हिडिओ तर लागायचाच नाही. नबील फोन विटांवर ठेवून ऐकायचा आणि मी मेथी निवडत शेजारी बसायचे. एक अक्षर कळायचं नाही, पण म्हातारा माणूस काहीतरी आठवून सांगतोय हे कुठल्याही भाषेत कळतं. मध्येच थांबायचे, चुकलं म्हणून मागं जायचे. "काय म्हणाले?" मी विचारायचे. "मधल्या चांदणीला आठ पाकळ्या. नंतर म्हणाले, आई म्हणती नऊ. नंतर दोघं भांडले." आठच होत्या. आईनं दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

अडचण पीओपीची होती. आपला माल फार लवकर सेट होतो. तिकडची माती भट्टीत भाजलेली, तिला वेळ लागतो, तेवढ्यात कोरून होतं. इथं अर्धी चांदणी कापेपर्यंत लादी दगड व्हायची. अशा तीन लाद्या फुटल्या. चौथ्या वेळी जब्बारभाई एका डब्यात सरस पातळ करून घेऊन आले, सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो. माल कालवायच्या पाण्यात तो थोडा टाकला की सेट व्हायला उशीर लागतो. लादी तासभर लोण्यासारखी राहिली. अंगणात मात्र असा वास सुटला की शेजारच्या भागूबाईंनी विचारलं, "काय मेलंय का ओ तुमच्या मोरीत?"

"माझा जमाई खिडकी बनाता, बाई," जब्बारभाई म्हणाले. "वास लंडन तक जाना चाहिए."

गणपतीत पावसानं उघडीप दिली आणि खिडकी वर चढली. चौकोनी व्हेंटिलेटरचे कोपरे भरून त्यानं अर्धगोल केला होता. काचा शहागंजातून आणलेल्या, हिरव्या, तांबड्या, निळ्या, पिवळ्या. मधल्या चांदणीचं बरोबर मधलं भोक तेवढं त्यानं मोकळं सोडलं. त्यांच्या घरातली रीत अशी होती की शेवटची काच शिकणाऱ्यानं आपल्या मनानं लावायची नाही. उस्तादानं खोलीत येऊन खिडकी बघायची, तो 'लाव' म्हणाला की लावायची. सकाळी ऊन आलं आणि समोरची भिंत रंगांनी भरून गेली. भागूबाई आल्या, त्यांच्या सुना आल्या, नबीलची बायको शकीला आली. सगळ्या उभ्यानं वर बघत होत्या. शकीला म्हणाली, "दस साल से ये बातां सुन रही थी. अब देखी." ह्यांनी फोटो काढले. आता फक्त वडिलांचा फोन लागायचा होता.

त्याच आठवड्यात सनावर पुन्हा बॉम्ब पडले.

फोन बंद झाला. दोन दिवस, चार दिवस. आणि त्याच दिवसांत विश्वजीतचं जहाज त्या पट्ट्यात शिरलं. तिथं ते नेट बंद ठेवतात असं त्यानं आधीच सांगितलं होतं. सांगितलेलं असलं तरी आईचं मन काय ऐकतं? सकाळी मी खिडकीतले रंग भिंतीवरून सरकताना बघत बसायचे आणि नबील कामावर जायच्या आधी येऊन विचारायचा, "आला का फोन?" मीही तेच विचारायचे. दोघंही नाही म्हणायचो आणि चहा प्यायचो. एकदा मला राहवलं नाही. "तुझ्या वडिलांना समजा फोन लागला," मी म्हटलं, "तर ते किनाऱ्यावरच्या कुणाला..." पुढं काय म्हणायचं ते मलाच कळेना. तो हसला नाही. म्हणाला, "काकू, त्यांना तर गल्लीतला बेकरीवाला उधार देत नाय, जहाजवाल्याला काय सांगणार."

विश्वजीतचा मेसेज आधी आला. 'पार झालो.' दोनच शब्द. मी नबीलला दाखवले. "तुमचा समुद्र झाला," तो म्हणाला. "आता माझा डोंगर."

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी नऊच्या सुमारास, सगळे आमच्याकडे चहाला आलेले असताना, त्याचा फोन वाजला. व्हिडिओ लागला होता. पुठ्ठे ठोकलेल्या अंधाऱ्या खोलीत एक म्हातारा गृहस्थ, डोक्याला फडकं, एक डोळा मिटून दुसरा फोनला चिकटवलेला. नबील सलाम विसरून गेला. फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खिडकी दाखवू लागला. जब्बारभाई, शकीला, मी, हे, सगळे त्याच्या मागं उभे.

वडिलांनी आधी मान इकडं, मग तिकडं करून पाहिलं. मग काहीतरी म्हणाले. नबीलनं फोन छातीशी आणला. पुन्हा तेच म्हणाले. त्यानं कमरेशी आणला. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि फोन फरशीपासून हातभर उंचीवर धरला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"खाली, खाली म्हणतायत."

मग तो वर बघू लागला, आणि त्याचा चेहरा उतरला. मला काही कळेना म्हणून मीही त्याच्या शेजारी फरशीवर बसले. वर बघितलं. खिडकीत रंग नव्हतेच. नुसत्या पांढऱ्या कडा दिसत होत्या, भोकांच्या जाडीच्या. उभं राहिलं की रंग, बसलं की चुना.

तिकडं बैठकीच्या खोलीत कुणी उभं राहत नाही. भिंतीला गाद्या टाकून सगळे जमिनीवर बसतात आणि खिडकी असते डोक्याच्या वर. म्हणून तिथं भोकं सरळ कापत नाहीत, खालून वर आभाळाकडे तिरकी कापतात. वडिलांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या कामात ते कुणी कुणाला सांगत नसे, जसं आपण कुणाला भाकरी गोल थापायला सांगत नाही. आणि नबीलचा हात दहा वर्षं छताच्या जाळ्या कापून तयार झालेला. छताची जाळी माणसाच्या थेट डोक्यावर असते, ती सरळच कापावी लागते.

वडील आणखी एक वाक्य बोलले आणि फोन कट झाला.

"ते काय म्हणाले?"

नबीलनं फोन फरशीवर ठेवला. "म्हणाले, ही कुणासाठी कापली? उभा माणूस तर निघालेला असतो."

"अरे सोफे पे बैठो," जब्बारभाई म्हणाले. ते स्वतः जाऊन बसले, मान तिरपी केली. "देखो, यहाँ से आधी दिखती. सोफा चार इंच ऊपर करो, पूरी दिखेगी. इतनी मेहनत का काम कोई तोड़ता क्या?"

"नक्को चाचा," नबील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकी उतरवली. फोडली नाही, काचा काढून घेतल्या आणि लादी अंगणात उभी करून ठेवली. मग हॉलच्या मधोमध येऊन मला विचारलं, "काकू, ह्या घरात तुम्ही बसता कुठं?"

"सोफ्यावर."

"रोज?"

मी विचार केला. सोफ्यावर पाहुणे बसतात आणि हे बसतात. मी दुपारी भाजी निवडते ती खाली. विश्वजीत घरी असला की रात्री आम्ही सगळे इथंच खाली जेवतो. माझी जागा खिडकीसमोर, भिंतीला पाठ लावून. लग्न होऊन आले तेव्हापासून तीच.

"तिथं बसून दाखवा."

मी बसले. पुढचे दोन दिवस बसूनच होते म्हणा ना. त्यानं प्लायच्या तुकड्यावर सगळा नमुना कापला, तो खिडकीच्या जागी लावला आणि एकेका भोकातून सुतळी ओवून तिचं टोक माझ्या डोळ्याशी आणलं. सुतळी जेवढी तिरकी, तेवढाच तिरका वाकवून तारेचा एक तुकडा करायचा. मग पुढचं भोक. वडील हे नुसत्या अंदाजानं कापायचे, पण ह्याच्याकडे अंदाज नव्हता, सुतळी होती.

"काकू, हलू नका."

"गॅसवर दूध आहे रे."

"जाऊ द्या ऊतू. पुसून देतो."

ह्यांनी पेपरामागून विचारलं, "आणि माझ्या सोफ्याचं काय? माझे गुडघे जमिनीवर बसायचे राहिले नाहीत."

"तुमच्यासाठी दुसरी कापतो, काका. बेडरूममध्ये."

"बेडरूमला पश्चिम आहे."

"मग संध्याकाळची."

सरस पुन्हा उकळला. भागूबाईंनी ह्या वेळी नुसती खिडकी लावून घेतली. तारांचा जुडगा शेजारी ठेवून नबील लादीवर वाकला, एकेक तार भोकात धरायचा आणि तिच्या कलानं सुरी चालवायचा. कागद कापावा तशी सुरी पूर्वी चालत होती. आता ती आंबा कापल्यासारखी तिरपी, जपून जात होती. मी पहिल्यांदाच पाहिलं की काम करताना त्याचे ओठ हलत होते. वडिलांचे निरोप त्याला पाठ झाले होते.

नवरात्र सरता सरता खिडकी वर चढली. मधलं भोक पुन्हा मोकळं. ह्या वेळी कुणाला बोलावलं नव्हतं. उभ्यानं बघितलं तर खिडकी साधीच वाटायची, अर्धे रंग कडांमागं दडलेले. मी माझ्या जागेवर बसले आणि सगळी खिडकी उघडली. कुणी पापण्या उचलाव्यात तशी. ऊन थोडं वर आलं तेव्हा बहुतेक रंग भिंतीवर न जाता माझ्या पुढ्यात, फरशीवर उतरले.

चार दिवसांनी सकाळी, शकीला आणि जब्बारभाईही आलेले असताना, वडिलांचा फोन आला, पण नुसता आवाज. नबील व्हिडिओ लावायची खटपट करू लागला तर ते म्हणाले, राहू दे, चित्र आलं तरी आता उपयोग नाही. दुसऱ्या डोळ्यातही धुकं उतरलं होतं.

नबील फोन हातात धरून उभा राहिला. ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ केली तेच हुकलं होतं. शकीलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिकडून मात्र वडिलांचा प्रश्न आला.

"ते विचारतात, तिथं कोण बसलंय."

"सांग, मी बसलेय."

"विचारतात, तुमच्या हातावर काय हाय."

मी हात बघितले. "डाव्या मनगटावर हिरवं. बांगड्यांच्या वर. उजव्या हातावर काही नाही."

त्यानं सांगितलं. तिकडून पुन्हा प्रश्न.

"तांबडं कुठं?"

"मांडीवर. पदराच्या काठाशी."

"पिवळं?"

पिवळं मला सापडेना. मी इकडं तिकडं बघितलं. मग दिसलं. "ताटात," मी म्हटलं. "मेथी निवडतेय ना, त्या ताटात."

हे अरबीत सांगताना नबीलला मेथीचा शब्द आठवला नाही, शकीलानं सुचवला. मेथी सनातही रोज खातात म्हणे, शकीलाही त्याच्यासाठी करते. तिकडं म्हातारा हसला. मग सावकाश बोलू लागला, आणि मध्ये थांबला नाही, मागं गेला नाही. पलीकडून आईचाही आवाज आला.

"काय? काय म्हणतात?" आता जब्बारभाईंनाही दम नव्हता.

"म्हणतात, निळं त्या बाईंच्या उजव्या खांद्याच्या मागं, भिंतीवर असंल."

मी वळून बघितलं. होतं.

"आणि मधल्या काचेचं?" मी विचारलं. "लाव म्हणाले का?"

नबीलनं फोनवर विचारलं. उत्तर एका वाक्याचं होतं. मग लाइन गेली.

"म्हणाले, ती राहू दे. ती मी येऊन लावीन."

मग जब्बारभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मतलब पास या नापास?"

"पास," शकीला म्हणाली.

"पास होता तो लगाओ बोलते ना?"

"अब्बा, नापास होता तो आते क्या कोई इतनी दूर?"

यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. नबीलला मी विचारलं नाही. त्यानं मधल्या भोकाची काच जुन्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिली. गडद तांबडी आहे. ती मी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली आहे. पाऊस आलाच तर भोकात प्लास्टिकचा बोळा घालायला त्यानं मला शिकवलं.

नबील अजूनही छतंच करतो. पण मधल्या काळात त्यानं सनातल्या त्याच्या गल्लीतल्या इतर घरांच्या खिडक्यांचे नमुने विचारून घ्यायला सुरुवात केली आहे. ज्या म्हाताऱ्यांना आठवतं त्यांच्याकडून, नेट असेल तेव्हा. एक खिडकी बजाजनगरात एका कामगाराच्या घरी लागली, एक दौलताबादला शकीलाच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे. बजाजनगरच्या घरी मी त्याच्याबरोबर गेले होते. घरमालकीण रंग कुठले घेऊ, किती घेऊ विचारत होती. ह्यानं थैलीतून सुतळीचं बंडल काढलं आणि म्हणाला, "ताई, ते नंतर. आधी तुम्ही रोज बसता तिथं बसून दाखवा."

हे लिहितेय तेव्हा खिडकी काळी आहे. रात्री आतून तिच्यात काहीच दिसत नाही. गल्लीतून दिसत असेल, माझा दिवा चालू आहे.

विश्वजीत दिवाळीला आला. पहाटेच्या फराळाला आम्ही खालीच बसलो. हे मात्र सोफ्यावर, बशी मांडीवर घेऊन. ऊन वर आलं तसा चिवड्यावर एक पिवळा ठिपका आला, विश्वजीतनं तो बोटानं हलवून पाहिला. मग मान वर करून खिडकीकडे बघत राहिला.

"आई, मधली एक काच लावायची राहिली का?"

"राहिली नाही. ठेवलीये."

"कुणासाठी?"

"आधी खा," मी म्हटलं. "तुझं जहाज ज्या किनाऱ्यावरून गेलं ना, तिथून आत, डोंगरात एक गाव आहे."

तो लाडू घ्यायला पुढं वाकला, तसा मधल्या भोकातून आलेला साधा पांढरा उजेड त्याच्या कपाळावर पडला.